शुक्रावरची डाळ

आमच्या शकूताई झाशीच्या मे महिन्यातसुद्धा रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं चालायच्या. सगळं गाव भिंतीला चिकटून सावली धरून चाललेलं, आणि पलीकडून ह्या एकट्या. डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. मी एकदा म्हटलं, "ताई, भोवळ येईल अशानं." तर म्हणाल्या, "अगं, एवढं वरून येतंय आणि तुम्ही सगळे त्याला पाठ दाखवता. कुणीतरी तोंड दाखवायला नको का?"

ओरछा गेटच्या आत आमची गल्ली. आमच्या घराला लागून त्यांचं घर. मुलींच्या इंटर कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मी लग्न होऊन सागरहून इथे आले ती सातवी पास. पुढचं जे काही शिकले ते ह्या बाईंमुळे, आणि तेही पोळ्या लाटता लाटता. म्हणून आधीच सांगते, विज्ञानातलं काही चुकलं तर माझं, बरोबर असेल तर त्यांचं.

गाव त्यांना सूरजवाली बहनजी म्हणायचं. कारण दर रविवारी दुपारी बड़ा बाज़ारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर त्या उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आकाशातलं आणि उन्हातलं सांगायच्या. गोबर गॅस कसा होतो, वाऱ्यावर चक्की कशी चालते, शनीची कडी कशाची. पिशवीत काचेचा तुकडा, भिंग, लोकरीचा गुंडा, मूठभर मूग. पृथ्वी म्हणजे मुगाचा दाणा, आणि सूर्य म्हणजे भाजीवालीकडून आणलेला मोठा थोरला भोपळा. भोपळा ओट्यावर, आणि मूग साठ पावलांवर, पितळेच्या दुकानाच्या दारात, एका मुलीच्या तळहातावर. चंद्र म्हणून मोहरीचा दाणा ठेवला होता, तो पहिल्याच रविवारी कुणाच्या तरी शिंकेनं उडाला. शकूताई गंभीरपणे म्हणाल्या, "कोई हिले नहीं, चाँद गिर गया है." अर्धा बाजार खाली वाकून चंद्र शोधत होता. कार्यक्रम झाल्यावर सूर्याची भाजी व्हायची आणि एक वाटी आमच्याकडे यायची.

हे सगळं त्या कुठून आणायच्या? टपालानं. मासिकं यायची, संशोधन संस्थांचे अहवाल यायचे. त्यातलं काही अडलं की संस्थेलाच पत्र टाकायच्या. आपल्या माहितीसाठी म्हणून नाही. "माझ्या शेजारणीला कळेल असं लिहून पाठवावे, ती हुशार आहे पण इंग्रजी जाणत नाही," असं लिहायच्या. ती शेजारीण मी. काही साहेब लोक उत्तरही द्यायचे. दिल्लीच्या कुणा शास्त्रज्ञानं माझ्यासाठी वाऱ्याच्या चक्कीचं चित्र काढून पाठवलं होतं. ते मी अजून जपून ठेवलंय.

पण त्यांची खरी रीत वेगळीच होती. तिला त्या तिसरं तोंड म्हणायच्या. नवीन काही सांगायचं ठरलं की आधी माझ्या सैपाकघरात येऊन मला मराठीत सांगायचं. मग सकाळी भाजीवाली रामकली टोपली घेऊन आली की मी तिला ते हिंदीत सांगायचं. आणि मग रामकलीनं ते आपल्या बुंदेलीत मला परत सांगायचं. ह्या सगळ्या वेळात शकूताई माजघराच्या दाराआड उभ्या. रामकलीच्या तोंडून ते नीट बाहेर पडलं, तरच रविवारी बाजारात जायचं.

"तुम्हीच सांगा ना तिला," मी म्हणायची.

"मी सांगितलं की ती मान डोलावते. बहनजी बोलतात म्हणून. तू सांगितलंस की भांडते."

आणि भांडायचीच ती. गोबर गॅसचं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर टोपली खाली ठेवून म्हणाली, "सो तो ठीक है बिन्नू, मनो रोटी में बास आहै." शेणाच्या गॅसवरच्या पोळीला शेणाचा वास येणार, हे तिनं ठरवूनच टाकलं. दाराआडून शकूताई बाहेर आल्या. वास ज्या वायूचा असतो तो जळून जातो, हे सांगायचंच राहिलं होतं. त्या रविवारी त्या बाजारात गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी गेल्या, आणि सुरुवातच वासापासून केली.

आता डाळीचं सांगते.

त्या वर्षी सरकारी योजनेत सूर्यचुली आल्या होत्या. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काचेचं झाकण, झाकणाला आरसा. आत चार काळे डबे. सकाळी डाळ-तांदूळ पाण्यात घालून ठेवायचे, दुपारी शिजलेले काढायचे. धूर नाही, लाकूड नाही, रॉकेलची रांग नाही. नावं द्यायची मुदत जवळ आली होती म्हणून शकूताई घाईघाईनं घरोघर फिरल्या. आमच्यासकट ओळखीच्या चार मराठी घरांनी त्यांच्या शब्दावर पेट्या घेतल्या. घाईत एक गोष्ट राहिली. ह्या चुलीचं तिसऱ्या तोंडी काही गेलंच नाही.

पहिले आठ दिवस वरणभात असा सुरेख झाला की सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. मग डाळ बोटचेपी राहायला लागली. मग कच्चीच. आमच्याच नाही, चारही घरांत. एक दिवस पाहुणे जेवायला बसलेले आणि वरण दाताखाली करकरतंय, अशी नामुष्की झाली. बातमी गल्लीतून बाजारात गेली. रविवारी ओट्यासमोर जेमतेम पाचजण. पानवाला पलीकडून मोठ्यानं म्हणाला, "बहनजी, आज शनि की कड़ी बताओगी कि दाल गलाओगी?"

लोक हसले. शकूताईही हसल्या, पण घरी आल्या आणि माझ्या सैपाकाच्या ओट्यापाशी पाट ओढून बसल्या. चहा ठेवला तो तसाच निवला.

"सुमन, शनी कुणी जाऊन बघणार नाही. शुक्र, मंगळ, कुणीही नाही. ते सगळं ही माणसं माझ्या शब्दावर मानतात. डाळ मात्र प्रत्येकाला कळते. डाळीत मी खोटी ठरले तर आकाशातलं माझं कोण ऐकेल?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या आमच्या गच्चीवर आल्या. काच पाहिली, आरसा पाहिला, पेटीत हात घातला तो चटकन मागे घेतला. पेटी तापत होती. मग त्यांनी डबा उचलला, उन्हात धरला, आणि डोळे मिटले. डबा असा लखलखत होता की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं.

"हा कुणी घासला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. मान ताठ. "तुमच्या सरकारनं काळाकुट्ट दिला होता गं. आठ दिवस चिंच आणि राख लावून घासतेय तेव्हा कुठे मूळ रूप आलं. काळं भांडं घरात ठेवायचं म्हणजे लोक काय म्हणतील, सुना आळशी आहेत?"

मी मान खाली घातली. रोजचे डबे धुवायला टाकणारी मीच होते. रंग जाताना दिसत होता, पण मला वाटलं, काजळीच असेल. बाहेरून काळे का दिलेत, हे मी विचारलं नव्हतं आणि ताईंनी सांगितलं नव्हतं.

शकूताई उरलेल्या तिन्ही घरी जाऊन आल्या. तिथेही तेच. एका घरात तर विटकरीच्या चुऱ्यानं घासले होते, आमच्यापेक्षा उजळ. मराठी बायकांच्या हाती काळं भांडं आलं की दुसरं होणार काय?

मला वाटलं आता ह्या रागावतील. त्या सासूबाईंपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, चूक माझी. काळा रंग ऊन पिऊन घेतो, चकचकीत डबा ते परत फेकतो. मी तुम्हाला डबा दिला, त्याचं कारण दिलं नाही. कारण न देता दिलेली वस्तू माणूस आपल्या कारणानंच वापरणार."

सासूबाई म्हणाल्या, "मग आता काय, डांबर फासू?"

बाजारात सगळ्यांसमोर दोन पेट्या मांडायच्या, एकीत काळे डबे आणि एकीत घासलेले, असं शकूताईंनी ठरवलं. ह्या वेळी मात्र तिसरं तोंड पक्कं करायचं. पेटीतली उष्णता काचेतून बाहेर का जात नाही, हे रामकलीला कळेल असं कसं सांगावं म्हणून त्या आठवडाभर मासिकं उपसत बसल्या. आणि एका संध्याकाळी हातात जुना अंक घेऊन आल्या. चेहरा पांढरा.

अंकात शुक्राविषयी लेख होता. ह्या ग्रहाभोवती कर्बवायूचं दाट आवरण आहे, ते काचेच्या झाकणासारखं काम करतं. सूर्याचं ऊन आत येतं, उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. तिथे शिसं वितळेल इतकी आग. सूर्यमालेतला सगळ्यांत तापलेला ग्रह शुक्र.

"छान आहे की," मी म्हटलं. "पेटीला हाच दाखला द्या."

"सुमन, मी वीस वर्षं वर्गात आणि बाजारात काय सांगत आलेय? सगळ्यांत तापलेला ग्रह बुध. सूर्याच्या सगळ्यांत जवळ आहे म्हणून. मी तसंच शिकले होते, तसंच शिकवलं. हे जगाला कळूनही कितीतरी वर्षं झाली. अंक माझ्याच कपाटात होता. मी वाचला नव्हता."

मी शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, बुधाचं कशाला काढता आत्ता? आधीच डाळीवरून लोक हसतायत. आधी डाळ शिजू दे, विश्वास बसू दे. बुधाचं पुढच्या वर्षी सांगा."

"म्हणजे विश्वास आधी घ्यायचा आणि खरं नंतर द्यायचं?" त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "उद्या रामकलीला बुध-शुक्र दोन्ही सांग."

सकाळी मी सांगितलं. सूर्याजवळचा बुध, त्याच्या अंगावर हवा नाही, दिवसा तापतो आणि रात्री सगळं घालवून बसतो. शुक्र लांब, पण हवेचं जाड आवरण. रामकलीनं वांगी तोलता तोलता ऐकलं. मग म्हणाली, "सूधी बात है. जो आग के पास बैठो है, ऊ के पास रजाई नइयां. जो दूर बैठो है, ऊ ने रजाई ओढ़ लई." आणि लगेच, "मनो बैनजी तो बुध कहत तीं."

पण बहनजी तर बुध म्हणायच्या, हे तिच्या लक्षात होतं. दाराआड शकूताई होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गलत कहती थी, रामकली जी."

रामकलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यात तिला बहुधा पहिल्यांदाच कुणी शिकलेल्या बाईनं असं काही म्हटलं होतं. जाताना एक वांगं जास्त टाकून गेली.

तो रविवार थंडीच्या शेवटाचा होता, ऊन स्वच्छ. दहा वाजता दोन पेट्या ओट्यावर लागल्या. गर्दी झाली ती तमाशा बघायला, हे मला कळत होतं. शकूताईंनी दोन्हींत एकाच पायलीतली तूरडाळ, तेवढंच पाणी, सगळ्यांसमोर मोजून घातलं. काचा लावल्या. मग म्हणाल्या, "दाल को समय लगेगा. तब तक मैं अपनी दो गलतियाँ बताती हूँ."

डब्यांचं सांगितलं. कुणाच्या घरचे, ते सांगितलं नाही. "मैंने नहीं समझाया था कि डब्बा काला क्यों है, तो घरवालों ने उसे साफ़ कर दिया," एवढंच. गर्दीत बायकांच्या घोळक्यात आमच्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांना ते सहन झालं नाही. नऊवारी सावरत पुढे आल्या आणि झाशीत साठ वर्षं राहून जी हिंदी आली होती तिच्यात म्हणाल्या, "घिसनेवाली मैं है. और बहोत अच्छा घिसा था." बाजार हसला. पण ते हसणं आता शकूताईंवरचं नव्हतं, त्यांच्या बाजूचं होतं.

मग त्यांनी बुधाचं सांगितलं. घोळक्यातून एक बाई पुढे आली, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता प्राथमिक शाळेत शिकवणारी. तिचा आवाज दुखावलेला होता.

"बहनजी, आपने हमें बुध पढ़ाया था. हमने इतने साल अपनी लड़कियों को बुध पढ़ाया. अब हम उनसे क्या कहें?"

मी मनात म्हटलं, झालं. आता संपलं.

शकूताई म्हणाल्या, "कहिए कि आपकी बहनजी ने ग़लत पढ़ाया था. मेरा नाम लेकर कहिए. और चाहें तो मैं खुद आकर कह दूँगी. कौन से दिन आऊँ?"

ती बाई हळूच म्हणाली, "शनिवार को."

"शनिवार को आऊँगी." आणि त्यांनी पिशवीतून वही काढून सगळ्यांसमोर तो वार लिहून घेतला. मग शुक्राकडे वळल्या. "यह जो मैं अब कहूँगी, मेरा वाक्य नहीं है. रामकली जी का है." आणि रजईचं वाक्य म्हटलं. रामकली भाज्यांच्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढला, पण डोळे चमकत होते. पुढे कितीही मोठी सभा असो, शकूताईंनी ते वाक्य रामकलीचं नाव घेतल्याशिवाय कधी उच्चारलं नाही. लखनौच्या एका परिषदेत शास्त्रज्ञांसमोर सुद्धा.

दीडच्या सुमारास पेट्या उघडल्या. घासलेल्या डब्यातली डाळ रामकलीनं चाखली आणि थुंकली. काळ्या डब्यातली बोटांनी दाबली, तर लोण्यासारखी विरली. पानवाला पुढे आला, द्रोणात डाळ घेतली, दुसऱ्यांदा घेतली. म्हणाला, "नमक कम है बहनजी." ह्याहून मोठी शाबासकी झाशीत मिळत नाही.

त्या एका शनिवारी नाही, पाच शनिवारी शकूताई त्या शाळेत गेल्या. वर्गावर्गात जाऊन बुध उतरवला आणि शुक्र चढवला. वर्गातल्या पोरी आधी एकमेकींकडे बघायच्या. शिक्षक चुकतो, हे त्यांना ठाऊक असणारच, पण तो दारात येऊन सांगतो हे नवीन होतं. पाचव्या शनिवारी एक चिमुरडी उठून म्हणाली, बहनजी, मग शनीचंही बदलणार का? "हो सकता है," शकूताई म्हणाल्या. "बदलेगा तो मैं आऊँगी." मला विचाराल तर गावात त्यांचा शब्द पक्का झाला तो डाळीमुळे नाही, ह्या शनिवारांमुळे.

रामकली गेली, सासूबाई गेल्या. शकूताई निवृत्त झाल्या, ओट्याचा मालक बदलला, तरी लोक घरी यायचे. गेल्या त्या एका पावसाळ्यात, ऐंशी ओलांडून, दोन दिवसांच्या तापानं. पण मला त्या दिसतात त्याच्या आधीच्या फाल्गुनातल्या.

मऊरानीपुरकडच्या एका गावात सौर ऊर्जेचा मोठा प्रकल्प येणार होता. कंपनीचा तरुण इंजिनिअर गावकऱ्यांना समजवायला यायचा होता, आणि गावकऱ्यांनी निरोप धाडला की बहनजी येतील तरच ऐकू. मी सोबतीला गेले. झाडाखाली सतरंजी. इंजिनिअर भैया चांगला मुलगा, पण भरभर बोलणारा. सगळं बोलून झाल्यावर गाव त्याच्याकडे नाही, शकूताईंकडे बघायला लागलं. ह्यांनी मान हलवली की झालं.

त्यांनी मान हलवली नाही. विचारलं, "भैया, इन काँचों पर धूल बैठेगी. धोने का पानी कहाँ से आएगा?"

तो म्हणाला, व्यवस्था होईल.

"कौन से कुएँ से?"

तो पुन्हा काही म्हणाला, लांबलचक. शकूताई शांतपणे म्हणाल्या, "मैं समझी नहीं. बूढ़ी हूँ, फिर से बताइए." तिसऱ्यांदा तो थांबला, घाम पुसला, आणि म्हणाला, "मुझे मालूम नहीं है, अम्मा. पूछकर बताना पड़ेगा."

शकूताईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गावाकडे वळून म्हणाल्या, "इस लड़के की बात सुनना. जब यह पूछकर लौटे, तब फिर बैठेंगे." आणि त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा आला, तेव्हा पाण्याचा कागद घेऊनच आला, असं नंतर ऐकलं.

परतीच्या बसमध्ये शकूताईंच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर बोचकं. वाटेत कुठल्याशा शाळेच्या छपरावर निळ्या काचा दिसल्या. तिनं आपणहून विचारलं, "अम्मा, ऊ नीलो-नीलो का धरो है?" शकूताई सरकून तिच्याकडे वळल्या आणि सुरू झाल्या. उन्हापासून. मी मागच्या बाकावर. ओरछा गेटकडे वळणारा आमचा थांबा आला. मी उठले, म्हटलं, "ताई, चला, आलं आपलं."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "तू उतर. हिला अजून कळलं नाहीये."

"अहो, बस पार स्टँडवर जाईल."

"मग स्टँडवरून येईन रिक्षानं."

मी उतरले. बस हलली. खिडकीत त्यांचे पांढरे केस आणि वर उचललेले दोन्ही हात दिसत होते, मधे भोपळ्याएवढी जागा सोडून, काहीतरी धरल्यासारखे. शेजारची बाई नकारार्थी मान हलवत होती. शकूताईंनी हात खाली घेतले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.